बडोदे पाहण्याचा क्रम

दोन-तीन दिवसांची सवड काढून एखादे शहर पाहून यावयाचे, त्याचा इतिहास, कला, खाद्यपदार्थ आणि पेठा यांची आधीच आखणी करून निघावयाचे, हा प्रघात अलीकडे आपल्या मध्यमवर्गात चांगलाच रुळला आहे. ‘आम्ही जयपूर केले, उदेपूर केले’ असे लोक सांगतात, तेव्हा त्या ‘करण्या’ला कोणी हसू नये. ‘काशी केली’ हा प्रयोग आपल्या आजी-पणजीच्या तोंडचा आहे. फरक इतकाच की काशी करणाऱ्याला क्रम ठाऊक असे. आधी गंगास्नान, मग विश्वेश्वर, अन्नपूर्णा, आणि कालभैरवाला न चुकता नमस्कार, ही आखणी पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली होती आणि तिच्यात क्षेत्राचा अर्थ साठविलेला होता. आजच्या शहरयात्रेची कार्यक्रमपत्रिका कोण सिद्ध करतो आणि कोणत्या अर्थाने, हे मात्र कोणी विचारीत नाही. एखाद्या निवडक कथासंग्रहाचे परीक्षण करताना आपण संपादकाने काय घेतले, काय गाळले, कशाला अग्रस्थान दिले हे तपासतो. तीच कसोटी या पत्रिकेला लावावी, एवढ्याच हेतूने बडोद्याचे उदाहरण येथे घेतले आहे. मराठी माणसाला हे शहर परके नाही. साहित्यसंमेलने तेथे १९०९, १९२१, १९३४ आणि अगदी अलीकडे २०१८ साली भरली. तरीही आपण ते नीट पाहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रूढ पत्रिका साधारणतः अशी असते : पहिल्या दिवशी सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा, त्याला लागूनच महाराजा फत्तेसिंह संग्रहालय, सायंकाळी सयाजीबाग, दुसऱ्या दिवशी सूरसागर, मांडवीपर्यंत एक फेरी, फरसाणाची खरेदी, आणि वेळ उरलाच तर पावागड-चांपानेर. यांतील एकही स्थळ वर्ज्य म्हणता येणार नाही. दोष आहे तो क्रमाचा आणि प्रमाणाचा. ज्याने शहराकडे राजवाड्याच्या सज्जातून प्रथम पाहिले, त्याला ते पुढे सतत राजवाड्याचे अंगण म्हणूनच दिसत राहते.

लक्ष्मीविलास १८९० साली पुरा झाला. मेजर मँटने तो आरंभिला आणि त्याच्या निधनानंतर रॉबर्ट चिझमने तडीस नेला. तेथील वाटाड्या पहिल्या दहा मिनिटांतच सांगतो की ही वास्तू बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे. हे वाक्य ऐकून पाहुणे माना डोलावतात. वस्तुतः त्याइतके या वास्तूला उणेपणा आणणारे दुसरे वाक्य नसेल. आपले घर दुसऱ्याच्या घराच्या पट्टीने मोजून दाखविणे म्हणजे स्वतःजवळ पट्टी नसल्याची कबुली देणे होय. लक्ष्मीविलासची खरी गंमत त्याच्या आकारात नाही. एकाच दर्शनी भिंतीवर राजपूत छत्र्या, मुसलमानी घुमट, गुजराती कोरीव काम आणि युरोपीय मनोरा यांना शेजारी शेजारी उभे करण्याच्या धिटाईत ती आहे. ते सारे एकजीव झाले आहे का? माझ्या मते झालेले नाही. दरबार दालनात व्हेनिसच्या पद्धतीची मोझाइक फरशी पायांखाली आणि बेल्जियमची रंगीत काच खिडक्यांत अशी उभे राहिल्यावर पाहणारा दिपून जातो, परंतु त्याला घर भेटत नाही. तरुण राजाने जगापुढे केलेली ही एक घोषणा आहे. घोषणेचे महत्त्व मान्य करावे. पण घोषणेपासून परिचयाला आरंभ करू नये.

आरंभ करावा तो मांडवीपासून. जुन्या कोटातल्या शहराच्या मध्यावर ही चौफेर कमानींची वास्तू उभी आहे आणि तिच्यापासून चार रस्ते लहरीपुरा, पाणीदरवाजा, चांपानेर आणि गेंडी या चार वेशींकडे जातात. आपल्याकडे देवळाचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. गायकवाड येण्यापूर्वीचे हे शहर आहे. पिलाजी आणि दमाजी यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जिंकले, बसविले नाही, ही गोष्ट मराठी प्रवाशाने येथेच मनाशी पक्की करून घ्यावी. गुजराती पोळांच्या अरुंद तोंडांशी लाकडी तोरणे, आत पक्ष्यांसाठी चबुतरा, आणि पुढे राजमहाल रस्त्यावरून रावपुरा-दांडिया बाजाराकडे वळताच मराठी वाड्यांच्या खुणा, हा बदल पायी चालतानाच लक्षात येतो. मोटारीत बसून ‘जुने शहर’ पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

याच परिसरात तांबेकरांचा वाडा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकरांचे हे राहते घर. बाहेरून पाहणारा कदाचित पुढे निघून जाईल, इतके ते गल्लीत दबलेले आहे. वरच्या मजल्यांवरील दालनांच्या भिंती मात्र चित्रांनी भरून गेल्या आहेत. रामायणातील आणि भागवतातील प्रसंग, कृष्णाच्या क्रीडा, भारती युद्ध, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, आणि मधूनच टोप्या घातलेले साहेब व त्यांच्या मडमा! वाडा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु शहरयात्रेच्या पत्रिकांत त्याचे नाव क्वचित आढळते, आणि आढळलेच तर ‘वेळ मिळाल्यास’ या शब्दांसह.

ही चित्रे थोर आहेत असा माझा दावा नाही. आकृत्यांची ठेवण ठरीव आहे, चेहरे बहुधा एका बाजूचे आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी चित्रकाराला जागा भरण्याची घाई झालेली दिसते. तरीही तेथे अर्धा तास बसावे. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील देवळांच्या भिंतींवरची कावी ज्यांच्या डोळ्यांत आहे, त्यांना येथे एक वेगळीच तुलना सुचेल. कावीत चुन्याचा पांढरा आणि तांबड्या मातीचा लाल एवढ्या दोनच रंगांवर सारा संसार चालतो. ओल्या थरावर रेघ कोरून काढावयाची असल्याने हाताला चुकण्याची मुभा नसते, आणि म्हणूनच तिच्यात एक प्रकारचे व्रतस्थपण येते. तांबेकरांच्या चित्रकाराला रंगांची चणचण नाही आणि व्रताचीही सक्ती नाही. तो देवळात नसून दिवाणाच्या घरात बसला आहे. रामाच्या राज्याभिषेकाशेजारी साहेबाची मडम काढताना त्याला काही विसंगत वाटले नाही, कारण मालकाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या : सकाळी पूजा आणि दुपारी रेसिडेंटाची भेट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या मराठी कारभाऱ्याचे मन इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या कागदपत्रात सापडेल, अशी मला शंका आहे.

हे पाहून झाल्यावर मग फत्तेसिंह संग्रहालयात जावे. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत १९६१ साली ते उघडले गेले. तेथील मुख्य ठेवा म्हणजे राजा रविवर्म्याची चित्रे. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले आणि १८९० पर्यंत ते पुरे झाले. ‘सीता-भूमिप्रवेश’, ‘कंस-माया’, ‘विश्वामित्र-मेनका’ ही त्या मालिकेतली. वाड्यातील रामसीतेकडून या रामसीतेकडे येताना पन्नास वर्षांच्या आतबाहेरचे अंतर आपण काटतो. पण पाहण्याची रीतच बदलून गेलेली असते. तेथे देव भिंतीवर होते, येथे ते रंगभूमीवर आले आहेत. पडदा नुकताच वर गेला असून पात्रांनी आपापल्या जागा घेतल्या आहेत, असा भास होतो. अंगावर वस्त्रांची वजनदार चुणी आहे, खांद्यावर उजेड पडला आहे, डोळ्यांत पाणी आहे. रविवर्म्याला नावे ठेवण्याची एक फॅशन मध्यंतरी कलासमीक्षेत होऊन गेली. तिच्यातला काही भाग खरा आहे. भावना दाखविण्यासाठी तो हातवाऱ्यांवर फार विसंबतो. परंतु आपल्यापैकी कितीकांच्या देवघरांत किंवा ओसरीवर त्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती वर्षानुवर्षे हार घालून पूजिली गेली, हे आठवावे. ज्या प्रतिमेपुढे लहानपणी हात जोडले तिच्याकडे चित्र म्हणून पाहणे सोपे नाही, आणि त्या अवघडपणातून जाण्याची संधी बडोद्यात मिळते. दादासाहेब फाळके याच शहरातील कलाभवनात शिकले आणि पुढे रविवर्म्याच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या चित्रांतली माणसे हलू लागली की ‘राजा हरिश्चंद्र’ व्हावयास फारसा उशीर नव्हता.

आता ज्या स्थळासाठी हा सारा खटाटोप, त्या कीर्तिमंदिराकडे येऊ. गायकवाड घराण्यातील पूर्वजांचे स्मारक म्हणून ही वास्तू १९३६ च्या सुमारास उभी राहिली. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा असलेली पृथ्वी आहे. बाहेरून पाहता ती संस्थानी थाटाची वाटते, आणि बहुतेक प्रवासी शिखराचे छायाचित्र घेऊन समाधानाने परततात. आतल्या दालनाच्या चारही भिंती नंदलाल बोस यांनी रंगविल्या आहेत. पहिली भिंत १९३९ साली झाली, शेवटची १९४६ पर्यंत. शांतिनिकेतनात राहणाऱ्या या चित्रकाराला बोलावण्याचा निर्णय त्याच सयाजीरावांचा, ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी रविवर्म्याला बोलाविले होते. आपल्याच पूर्वीच्या अभिरुचीच्या पलीकडे पाऊल टाकणारा आश्रयदाता कोणत्याही काळात विरळा. महाराज फेब्रुवारी १९३९ मध्ये निवर्तले. चारही भिंती पुऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत.

चार भिंतींचे विषय असे आहेत : गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकाची कथा, आणि भारती युद्धातील अभिमन्यूचा प्रसंग. वरवर पाहता ही निवड सुटी सुटी वाटते. थोडे थांबून विचार केला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हे एका राजघराण्याचे स्मारक आहे, आणि तरीही येथे विजयी राजाचे एकही चित्र नाही.

गंगावतरण पूर्वजांच्या स्मारकात शोभणारेच आहे, कारण भगीरथाने गंगा आणली ती सगरपुत्रांच्या उद्धारासाठी. पण त्या कथेतला राजा सिंहासन सोडून तपाला बसतो. पूर्वजांचे ऋण त्याला पराक्रमाने फेडता येत नाही, ते गुडघे टेकून फेडावे लागते. मीरा तर राजवाड्यातून उठून गेली. ‘नटीर पूजे’तील श्रीमती ही दरबारची नर्तकी, स्तूपाची पूजा करू नये अशी राजाज्ञा असता ती नृत्यालाच पूजा करते आणि त्यासाठी प्राण देते. अभिमन्यू हा कुलाचा कोवळा अंकुर, आणि ज्या युद्धात तो पडला ते युद्ध संपल्यावर राज्य करण्याची गोडी कोणालाच उरली नाही. राजाने शरण जावे, राणीने वाडा सोडावा, नर्तकीने आज्ञा मोडावी, मुलाने चक्रव्यूहात मरावे : घराण्याच्या कीर्तीच्या मंदिरात चित्रकाराने ही चार चित्रे काढली आणि राजघराण्याने ती काढू दिली. शेवटची भिंत पुरी झाल्यावर थोड्याच वर्षांत, १९४९ साली, बडोदे संस्थान विलीन झाले. चित्रकाराला भविष्य ठाऊक होते असे मी म्हणत नाही. त्याला परंपरा ठाऊक होती, आणि आपल्या पुराणांनी राजसत्तेपुढे कधीच पुरते डोके टेकलेले नाही.

रचनेच्या दृष्टीने चारही भिंती सारख्या यशस्वी नाहीत. मीराबाईच्या चरित्रात प्रसंगामागून प्रसंग येतात आणि डोळ्याला कीर्तनातल्या आख्यानासारखे पुढे पुढे सरकावे लागते. त्यात गोडवा आहे, पण ताण कमी आहे. युद्धाच्या भिंतीवर याच्या उलट होते. तेथे अश्व, रथ आणि धनुष्ये यांच्या रेषा एकमेकींत अशा गुंततात की पाहणाऱ्यालाही बाहेर पडण्याची वाट सापडू नये. गंगावतरणातला शिव मात्र माझ्या मते विसाव्या शतकातील हिंदू देवप्रतिमांत अग्रभागी ठेवण्याजोगा आहे. रविवर्म्याने वजन छायाप्रकाशाने दिले. नंदलालांनी ते रेषेने दिले. कोसळणाऱ्या पाण्याखाली उभा असलेला देव स्नायू फुगवून दाखवीत नाही. तो फक्त स्थिर आहे, आणि ती स्थिरताच भार पेलते.

या शिवासमोरून उठून जो सूरसागरावर जाईल त्याला तलावाच्या मध्यावर दुसरा शिव दिसेल. गेल्या काही दशकांत उभारलेली ती उत्तुंग मूर्ती २०२३ साली सोन्याने मढविण्यात आली. शेकडो भाविक तिला भक्तीने हात जोडतात, आणि त्यांच्या भावनेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु या मासिकाचे वाचक बहुतेक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी निगडित आहेत. जीर्णोद्धाराच्या सभांना ते बसतात, देणग्यांचा विनियोग ठरवितात. त्यांनी ही दोन्ही दर्शने एकाच दिवशी घ्यावीत आणि आपल्या गावच्या देवळाची जुनी लाकडी चौकट काढून संगमरवर बसविण्याचा किंवा कावीच्या भिंतीवर तैलरंग फिरविण्याचा ठराव पुढे येईल तेव्हा ती आठवावीत. उंची आणि झगमग पैशाने वाढविता येते. रेषा एकदा खरवडली गेली की ती परत आणता येत नाही, आणि गोव्यात अशा किती भिंती आपण आपल्या हातांनी पुसल्या याचा हिशेब फारसा सुखावह नाही.

सयाजीबागेविषयी पत्रिका लिहितात ते तेथील प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय यांच्यापुरते. वस्तुसंग्रहालय अर्थातच पाहावे. अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींसाठी तर अवश्य. पण त्याच बागेशी आणखी एक स्मृती बांधलेली आहे, आणि तिला वगळणारी आखणी मला अप्रामाणिक वाटते. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव लपवून ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले तेथूनही त्यांना दंडुक्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले, आणि ते या बागेत एका झाडाखाली येऊन बसले. तेथे आज संकल्पभूमी म्हणून लोक जातात. १९०६ साली संबंध राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, अंत्यजांसाठी शाळा काढणारा राजा, आणि त्याच्याच राजधानीत एका विद्वानाला न मिळालेले छप्पर! राजाचे पुढारलेपण आणि प्रजेचे मन यांत केवढे अंतर असू शकते, हे कीर्तिमंदिरापासून फार दूर नसलेल्या या झाडाखाली कळते. ज्यांच्या देवळांच्या पायऱ्या दीर्घकाळ काहींना बंद होत्या, अशा आपण सर्वांनी तेथे थोडा वेळ उभे राहावे. ‘आमच्या मराठ्यांचे बडोदे’ हा अभिमान त्यानंतर थोडा अधिक जबाबदारीने उच्चारला जाईल.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत डोकवावयास हरकत नाही. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे १९५० पासून तेथे शिकवीत, शांतिनिकेतनात घडलेले शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन् यांनीही तेथे अध्यापन केले, एवढे सांगितले म्हणजे कीर्तिमंदिराच्या भिंतींचा वारसा पुढे कोठे गेला ते समजते. मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा आणि फैयाजखाँसाहेबांचे बडोदे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

राहता राहिले खाणे. येथे आपल्या लोकांची दृष्टी विशेष संकुचित होते. ‘मराठी जेवण कोठे मिळते’ अशी चौकशी ते स्थानकावरच करू लागतात. त्यांनी शेव-उसळ खावी. वाटाण्याची उसळ, तीवर तिखटजाळ तरी, कांद्याची पात, वर शेवेचा ढीग आणि सोबत पाव. ‘उसळ’ आणि ‘तरी’ हे दोन्ही शब्द आपले, शेव त्यांची, आणि पदार्थ आता निखळ बडोद्याचा. तो मिसळीपासून निघाला की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी वाद घालावा. गाड्यावर उभे राहून खाणाऱ्या गुजराती माणसाला त्या वादाशी कर्तव्य नाही. बटाट्याचा लीलो चेवडो आणि भाकरवडी घरी न्यावयास ठीक. दांडिया बाजारात मात्र पायी हिंडावे. त्याच भागात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. मुसलमान वस्तादाचे नाव त्याचे शिष्य राजरत्न माणिकरावांनी आपल्या संस्थेला कायमचे दिले आणि तिथून मराठी व गुजराती तरुणांच्या पिढ्या मल्लखांब-लेझीम शिकून बाहेर पडल्या. कोणत्याही पत्रिकेत हे स्थळ नाही.

दिवसांची विभागणी विचाराल तर पहिली सकाळ मांडवी आणि तांबेकर वाड्याला द्यावी, दुपार रविवर्म्याला. दुसरी सकाळ पूर्णपणे कीर्तिमंदिराला, कारण त्या भिंतींना दोन तास कमीच पडतात. दालन केव्हा उघडते याची आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी. मग बाग, संकल्पभूमी, सायंकाळी दांडिया बाजार. लक्ष्मीविलास तिसऱ्या दिवसासाठी ठेवावा, गाडी सुटण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत तो पाहून होतो. कार्तिकात जाणे जमले तर प्रबोधिनी एकादशी साधावी. मांडवीजवळच्या मंदिरातून त्या दिवशी विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो आणि गुजराती भजनमंडळ्यांच्या गर्दीत पालखीतला आपला विठोबा शहराच्या मधोमध पाहावयास मिळतो.